अनेक विंडोंच्या प्रोग्राममध्ये ड्रॉ ऑर्डर बिघडते तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

एकाच प्रोग्रामने दोन किंवा अधिक विंडो उघडून प्रत्येकीत त्रिमितीय चित्र काढायचे असते, तेव्हा एकच बिघाड निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो. नागपुरातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प असोत किंवा परसोडी आणि मिहान परिसरातील लहान कंपन्यांची व्हिज्युअलायझेशनची कामे असोत, तक्रार बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते: "एक विंडो असते तोवर सगळे नीट दिसते, दुसरी जोडली की क्रम बिघडतो." पुढील तपासण्या याच तक्रारीसाठी आहेत. उदाहरणे ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाला चित्र काढायला सांगणाऱ्या आज्ञांचा संच) आणि जीएलएफडब्ल्यू (विंडो उघडणारी आणि त्यांचे इव्हेंट पोचवणारी लायब्ररी) यांची घेतली आहेत, कारण माझ्याकडे येणाऱ्या कामांत हीच जोडी सर्वाधिक असते. एसडीएल ही तशीच दुसरी लायब्ररी वापरणाऱ्यांना फंक्शनची नावे बदलून बहुतेक टप्पे तसेच लागू पडतील.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे दुसरी विंडो काळी किंवा पांढरी राहणे, अथवा तिच्यात पहिलीच फ्रेम गोठून राहणे. कधी दुसऱ्या विंडोसाठी काढलेले चित्र पहिलीत उमटते, किंवा एकाच विंडोत दोन्ही चित्रे आळीपाळीने लुकलुकतात. कधी दोन्ही विंडोंत चित्र येते, पण एकीत मागची वस्तू पुढच्या वस्तूवर चढलेली दिसते आणि दुसरीत तीच मांडणी निर्दोष असते. एका विंडोचा आकार बदलला की तिच्यातले चित्र जसेच्या तसे राहते आणि शेजारच्या विंडोतले चित्र मात्र कोपऱ्यात आक्रसते, हे लक्षण फार वेळा आढळते आणि फार वेळा चुकीचे वाचले जाते. याशिवाय दुसरी विंडो उघडताच सेकंदाला ६० फ्रेमचा वेग बरोबर ३० वर आणि तिसरी उघडताच २० वर येणे, एका विंडोत बदललेले टेक्स्चर (वस्तूवर चढवलेले चित्र) दुसरीत उशिरा दिसणे, एक विंडो झाकली गेली की संपूर्ण प्रोग्राम थांबणे आणि साधनपट्टीची छोटी विंडो मुख्य विंडोच्या मागे दडणे, हीही याच कुटुंबातली लक्षणे आहेत.

यांपैकी कोणती लक्षणे एकत्र दिसतात आणि कोणत्या कृतीनंतर दिसतात, हे कोडला हात लावण्यापूर्वी कागदावर लिहून काढावे. आकार बदलल्यावर होणारा बिघाड आणि माउस हलवल्यावर सुधारणारा बिघाड यांची कारणे पूर्णपणे वेगळी असतात.

"क्रम" म्हणजे नेमका कोणता क्रम

ज्याला आपण सरसकट ड्रॉ ऑर्डर म्हणतो, ते चार वेगळे क्रम आहेत आणि त्यांचे मालकही वेगळे आहेत. पडद्यावर कोणती विंडो कोणत्या विंडोवर राहील, हा पहिला क्रम. तो ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिचा कंपोझिटर (सर्व विंडो एकत्र मांडून पडदा तयार करणारा भाग) ठरवतो. आपला मुख्य लूप आधी कोणत्या विंडोचे चित्र काढतो, हा दुसरा क्रम; तो आपल्या कोडचा. निरनिराळ्या कॉन्टेक्स्टमधून (कॉन्टेक्स्ट म्हणजे ओपनजीएलची सर्व स्थिती ठेवणारा संच, बहुधा दर विंडोला एक) पाठवलेल्या आज्ञा ग्राफिक्स कार्डावर कोणत्या क्रमाने पार पडतात, हा तिसरा. तो ड्रायव्हरच्या हाती असतो आणि आपण स्पष्ट मागितल्याशिवाय त्याची हमी मिळत नाही. चौथा क्रम प्रत्येक विंडोच्या आतला आहे, म्हणजे जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते की नाही. तो डेप्थ बफर (प्रत्येक पिक्सेलची खोली साठवणारी जागा) आणि पारदर्शक वस्तूंची मांडणी यांवर अवलंबून असतो. बहुतेक वेळ वाया जातो तो एका क्रमाचा बिघाड दुसऱ्या क्रमात दुरुस्त करू पाहण्यात. चौथा क्रम बिघडला असताना लूपमध्ये विंडोंची अदलाबदल केली, तर लक्षण जागा बदलते, जात नाही. आणि त्या हालचालीलाच सुधारणा समजून माणूस पुढे जातो.

या चारांपैकी कोणता बिघडला ते ठरवण्यासाठी ठरावीक चाचणी-दृश्य हाताशी ठेवणे फार उपयोगी पडते. मी नागपुरातील वर्धा मार्गावरच्या दुमजली पुलाचे साधे मॉडेल वापरतो. ३.१४ किलोमीटरच्या त्या बांधकामात जमिनीवर जुना रस्ता, त्याच्या वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रोचा मार्ग आहे. तीन आडवे पट्टे, तीन रंग आणि थोडे खांब एवढ्यावर मॉडेल तयार होते. एका विंडोत कॅमेरा आकाशातून खाली पाहतो, दुसऱ्या विंडोत तो रस्त्यावर उभा राहून वर पाहतो. पहिलीत मेट्रोने खालचे सगळे झाकले पाहिजे, दुसरीत उड्डाणपुलाच्या तळाने मेट्रोला झाकले पाहिजे. दोन विंडोंतला योग्य क्रम एकमेकांच्या उलट असल्यामुळे हे दृश्य कोणतीही चूक लपू देत नाही.

पहिली तपासणी: चित्र काढण्याच्या कोडला हात न लावता

दोन्ही विंडो एकमेकींवर येणार नाहीत अशा शेजारी-शेजारी ठेवाव्यात आणि दोन्हींवर इतर कोणतेही ॲप्लिकेशन नसावे. बिघाड नाहीसा झाला, तर तो पहिल्या क्रमाचा आहे आणि चित्र काढण्याच्या कोडमध्ये शोध घेणे व्यर्थ आहे. मग थेट ऑपरेटिंग सिस्टीमविषयीच्या तपासणीकडे जावे. बिघाड कायम राहिला, तर पहिला क्रम बाजूला पडला. त्यानंतर दुसरी विंडो उघडणारी ओळ तात्पुरती बंद करून पहिली एकटी चालवावी, आणि मग पहिली बंद करून दुसरी एकटी चालवावी. हा दुसरा भाग सहसा केला जात नाही, पण तोच महत्त्वाचा आहे, कारण एकटी दुसरी विंडोदेखील चुकीचे चित्र दाखवत असेल, तर प्रश्न अनेक विंडोंचा नसून त्या विंडोच्या स्वतःच्या कोडचा आहे.

दोन मॉनिटर जोडलेले असतील, तर दोन्ही विंडो एकाच मॉनिटरवर आणून पाहाव्यात. ६० हर्ट्‌झचा आणि १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर एकत्र असताना वेगाविषयी केलेला कोणताही निष्कर्ष भरवशाचा नसतो.

दुसरी तपासणी: दोन रंग

आता वस्तू काढण्याच्या सर्व आज्ञा बंद कराव्यात आणि प्रत्येक विंडोला फक्त क्लिअर (एका रंगाने पुसणे) करून स्वॅप (तयार फ्रेम पडद्यावर आणणे) करावे. पहिलीला नारिंगी रंग, दुसरीला निळा. या दोन ओळींच्या बदलातून जेवढे कळते तेवढे तासभर डीबगर चालवूनही कळत नाही. दोन्ही विंडो आपापल्या रंगात स्थिर दिसल्या, तर पृष्ठभाग, कॉन्टेक्स्ट आणि स्वॅप यांची जोडणी ठीक आहे. एकीत दोन्ही रंग लुकलुकले आणि दुसरी काळी राहिली, तर दोन्ही वेळा एकच कॉन्टेक्स्ट करंट (म्हणजे आज्ञा स्वीकारणारा) राहतो आहे. एका विंडोत काहीच आले नाही आणि दुसरी बरोबर असेल, तर त्या विंडोचा स्वॅप होत नाही, किंवा स्वॅप तिच्याऐवजी दुसरीचाच दोनदा होतो.

क्लिअर ही आज्ञा व्ह्यूपोर्ट (विंडोच्या ज्या भागात चित्र बसवायचे तो आयत) जुमानत नाही, पण सिझर (ज्याच्या बाहेर काहीही लिहायचे नाही तो आयत) जुमानते. त्यामुळे रंग विंडोच्या एका भागातच भरला, तर सिझर टेस्ट चालू राहिली आहे असे समजावे. रंग पूर्ण विंडोत भरतो पण वस्तू परत आणल्यावर त्या कोपऱ्यात आक्रसतात, तर व्ह्यूपोर्ट चुकला आहे.

तिसरी तपासणी: त्रुटी संदेश प्रत्येक कॉन्टेक्स्टमध्ये

ओपनजीएल ४.३ पासून डीबग मेसेज कॉलबॅक (त्रुटी घडली की आपोआप बोलावले जाणारे आपले फंक्शन) मूळ मानकाचा भाग आहे. विंडो तयार करतानाच डीबग कॉन्टेक्स्ट मागावा, आणि संदेश नेमके कोणत्या ओळीतून आले ते कळण्यासाठी सिंक्रोनस पर्यायही चालू ठेवावा. तो कॉलबॅक प्रत्येक कॉन्टेक्स्टची स्वतंत्र स्थिती आहे. पहिल्या विंडोच्या कॉन्टेक्स्टमध्ये नोंदवला म्हणून दुसऱ्या विंडोच्या चुका कळवल्या जात नाहीत. "एकही त्रुटी येत नाही, तरी दुसरी विंडो रिकामी" अशी तक्रार आली की मी प्रथम हेच पाहतो.

चौथी तपासणी: करंट कॉन्टेक्स्ट आणि आकारबदलाचा कॉलबॅक

ओपनजीएलच्या आज्ञेत विंडोचे नाव कुठेच नसते. चालू थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कामाच्या चालू धाग्यावर) जो कॉन्टेक्स्ट करंट असेल, त्याच्यावर आज्ञा लागू होते. म्हणून प्रत्येक विंडोचे काम करंट करणे, व्ह्यूपोर्ट लावणे, क्लिअर करणे, वस्तू काढणे आणि त्याच विंडोचा स्वॅप करणे या अखंड साखळीत लिहिले पाहिजे, आणि साखळीच्या मध्ये दुसऱ्या विंडोचे काहीही येता कामा नये. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात साखळी तुटते ती मुख्य लूपमध्ये नाही, तर कॉलबॅकमध्ये.

जीएलएफडब्ल्यूमध्ये "पोल इव्हेंट्स" ही एकच हाक सर्व विंडोंचे इव्हेंट पोचवते, आणि ती बहुधा लूपच्या शेवटी असते. त्या क्षणी करंट असतो तो सर्वांत शेवटी काढलेल्या विंडोचा, म्हणजे दुसऱ्या विंडोचा, कॉन्टेक्स्ट. आता वापरकर्त्याने पहिल्या विंडोचा आकार बदलला, तर पहिल्या विंडोचा कॉलबॅक चालतो, त्यात जवळजवळ प्रत्येक पाठात शिकवलेली व्ह्यूपोर्टची एक ओळ असते, आणि ती ओळ पहिल्या विंडोचा नवा आकार दुसऱ्या विंडोच्या कॉन्टेक्स्टवर लावते. पहिल्या विंडोचा व्ह्यूपोर्ट जुनाच राहतो आणि दुसरीचा विनाकारण बदलतो. लक्षणांत सांगितलेले शेजारच्या विंडोतले आक्रसणे ते हेच.

दुरुस्तीचा माझा आग्रह एकच असतो: कॉलबॅकमध्ये ओपनजीएलची एकही आज्ञा ठेवू नये. त्याने फक्त नवी रुंदी आणि उंची त्या विंडोच्या स्वतःच्या नोंदीत लिहावी, आणि व्ह्यूपोर्ट प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला, करंट केल्यानंतर लगेच, त्या नोंदीवरून लावावा. कॉलबॅकमध्ये करंट बदलून काम भागते, पण मग आधीचा कॉन्टेक्स्ट लक्षात ठेवून परत आणावा लागतो, आणि हे परत आणणे केव्हातरी कुणाकडून तरी राहतेच. डिअर इमगुई या बटणे आणि पॅनेल काढणाऱ्या लायब्ररीच्या अनेक व्ह्यूपोर्टच्या सोयीबाबतही हेच लक्षात ठेवावे: बाहेर काढलेल्या पॅनेलच्या विंडो काढताना ती सोय करंट कॉन्टेक्स्ट बदलते, म्हणून तिच्या अधिकृत उदाहरणात आधीचा कॉन्टेक्स्ट जपून नंतर पुन्हा करंट केला जातो. त्या दोन ओळी उतरवून घेताना गाळू नयेत.

रेटिना किंवा मोठ्या स्केलच्या पडद्यावर विंडोचा आकार आणि फ्रेमबफरचा (प्रत्यक्ष पिक्सेलांचा) आकार वेगळे असतात. व्ह्यूपोर्टला नेहमी फ्रेमबफरचाच आकार द्यावा.

पाचवी तपासणी: डेप्थ

पुलाच्या दृश्याकडे परत येऊ. कोडमध्ये आधी रस्ता, मग उड्डाणपूल, मग मेट्रो असा क्रम लिहिला आहे आणि डेप्थ टेस्ट (डेप्थ बफर पाहून झाकला जाणारा पिक्सेल नाकारणे) बंद आहे असे समजा. आकाशातून पाहणाऱ्या विंडोत चित्र पूर्णपणे बरोबर दिसेल, कारण शेवटी काढलेली मेट्रो सर्वांवर राहते आणि तिथे तेच योग्य आहे. रस्त्यावरून वर पाहणाऱ्या विंडोत मात्र मेट्रो उड्डाणपुलाच्या तळातून आरपार दिसेल. पाहणारा साहजिकच म्हणतो की पहिली विंडो ठीक आहे, दुसरी बिघडली आहे. खरे तर दोन्ही सारख्याच बिघडलेल्या आहेत. पहिलीत लिहिलेला क्रम आणि हवा असलेला क्रम योगायोगाने जुळले आहेत एवढेच. यासाठीच "एका विंडोत बरोबर दिसते" हा पुरावा मी कधीही ग्राह्य धरत नाही.

डेप्थ टेस्ट चालू असणे ही प्रत्येक कॉन्टेक्स्टची वेगळी स्थिती आहे. सुरुवातीची मांडणी करणारे फंक्शन पहिली विंडो उघडल्यावर एकदाच चालवले, तर दुसऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये डेप्थ टेस्ट मूळच्या, म्हणजे बंद स्थितीत राहते. ते फंक्शन प्रत्येक कॉन्टेक्स्ट करंट करून पुन्हा चालवावे. काही प्रोग्राम उलट पद्धतीने एकच कॉन्टेक्स्ट दोन विंडोंना आळीपाळीने जोडतात; तिथे पहिल्या विंडोने मागे सोडलेली प्रत्येक स्थिती दुसरीला वारशाने मिळते आणि व्ह्यूपोर्टही आपोआप बदलत नाही.

यातली सर्वांत फसवी गोष्ट डेप्थ मास्कची आहे. पारदर्शक वस्तू काढताना डेप्थमध्ये लिहिणे बंद केले जाते, आणि ते पुन्हा चालू करायचे राहिले, तर पुढच्या फ्रेमचे डेप्थ क्लिअर काहीच करत नाही, कारण क्लिअरदेखील तो मास्क पाळते. मग जुन्या फ्रेमची खोली बफरमध्ये उरते आणि नव्या फ्रेममधल्या वस्तू अर्ध्यामुर्ध्या गायब होतात. म्हणून क्लिअर करण्यापूर्वी डेप्थ मास्क चालू करणारी ओळ प्रत्येक विंडोच्या साखळीत असावी. ती जवळजवळ फुकट आहे आणि एक संपूर्ण वर्ग बिघाड संपवते.

स्वॅप झाल्यावर मागच्या बफरमध्ये काय उरते याची हमी नसते, हेही इथेच नोंदवावे. एका विंडोत "काही बदलले नाही, म्हणून फक्त बदललेला भाग काढू" अशी काटकसर केली, तर एका यंत्रावर चित्र टिकते आणि दुसऱ्यावर दोन जुन्या फ्रेम आलटून पालटून दिसतात. काढायचे तर पूर्ण काढावे, नाहीतर त्या विंडोचा स्वॅपच करू नये.

सहावी तपासणी: पारदर्शक वस्तूंची मांडणी

मेट्रोचे छत्रपती चौक, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही स्थानके याच दुमजली बांधकामावर आहेत. मॉडेलमध्ये त्यांना काचेच्या भिंती दिल्या की पुढचा प्रश्न उभा राहतो. पारदर्शक वस्तू दूरून जवळ या क्रमाने काढाव्या लागतात, आणि दूर-जवळ हे कॅमेऱ्यावरून ठरते. प्रोग्राम फ्रेमच्या सुरुवातीला एकदाच यादी लावतो आणि तीच दोन्ही विंडोंना देतो, तेव्हा ज्या कॅमेऱ्यावरून ती लावली गेली ती विंडो बरोबर दिसते आणि दुसरीत काचेमागची काच नाहीशी होते. यादी प्रत्येक विंडोसाठी, तिच्या कॅमेऱ्यावरून, नव्याने लावली पाहिजे. यादी लावण्याचा खर्च वाचवण्यासाठी ती सामायिक ठेवण्याचा मोह होतो, पण काही हजार वस्तूंची क्रमवारी प्रोसेसरला जाणवतही नाही.

सातवी तपासणी: वेग बरोबर निम्मा होतो तेव्हा

६० हर्ट्‌झच्या पडद्यावर दोन रिफ्रेशमध्ये सुमारे १६.६७ मिलिसेकंदांचे अंतर असते. दोन्ही विंडोंचा स्वॅप इंटरव्हल (स्वॅपने किती रिफ्रेश थांबायचे तो आकडा) १ असेल आणि दोन्ही एकाच थ्रेडवरून एकामागून एक स्वॅप होत असतील, तर पहिला स्वॅप एका रिफ्रेशची वाट पाहतो आणि दुसरा त्याच्या पुढच्या रिफ्रेशची, जसे एका चौकातल्या सिग्नलवरून सुटलेले वाहन पुढच्या चौकात पुन्हा अडते. ३० आणि २० हे आकडे इथून येतात. ग्राफिक्स कार्ड मंद असल्याचे ते लक्षण नव्हे, आणि मॉडेल हलके करून ते जातही नाही.

उपाय असा: सर्वांत शेवटी स्वॅप होणाऱ्या विंडोचा इंटरव्हल १ ठेवावा आणि आधीच्या सर्व विंडोंचा ०. इंटरव्हलची आज्ञा करंट कॉन्टेक्स्टवर लागू होते, त्यामुळे ती प्रत्येक विंडो करंट करून वेगवेगळी द्यावी लागते. सुरुवातीला एकदाच दिलेली आज्ञा शेवटी करंट असलेल्या एकाच विंडोला लागते आणि उरलेल्या ड्रायव्हरच्या मूळ निवडीवर राहतात. ड्रायव्हरच्या नियंत्रण पॅनेलमध्ये व्ही-सिंक (स्वॅपने रिफ्रेशची वाट पाहणे) सक्तीने चालू ठेवलेले असेल, तर कोडमधले हे सगळे निष्फळ ठरते; म्हणून ते आधी पाहावे.

नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक गोंधळ होतो. बाहेर ४५ अंश असताना लॅपटॉप तापतो आणि उष्णतेमुळे वेग घसरतो, आणि त्या घसरणीचा दोष दुसऱ्या विंडोवर ढकलला जातो. फरक ओळखणे सोपे आहे: उष्णतेची घसरण हळूहळू आणि ओबडधोबड आकड्यांत होते, तर व्ही-सिंकची घसरण विंडो उघडल्याच्या क्षणी आणि नेमक्या भागाकाराने होते.

आठवी तपासणी: काय वाटले जाते आणि केव्हा दिसते

दुसरा कॉन्टेक्स्ट तयार करताना पहिल्याशी वाटणी मागितली, की टेक्स्चर, बफर, शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा कोड) आणि शेडर जोडून बनलेले शेडर-प्रोग्राम दोन्हींत वापरता येतात. व्हर्टेक्स ॲरे ऑब्जेक्ट (वस्तूचे बिंदू कोणत्या बफरमधून कसे वाचायचे याची नोंद) आणि फ्रेमबफर ऑब्जेक्ट (चित्र कोणत्या पृष्ठभागांवर काढायचे याची नोंद) मात्र वाटले जात नाहीत. दुसऱ्या विंडोत पार्श्वभूमीचा रंग येतो पण वस्तू येत नाहीत, याचे सर्वांत संभाव्य कारण हेच असते. याहून वाईट परिस्थिती म्हणजे दुसऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये त्याच क्रमांकाचा दुसराच व्हर्टेक्स ॲरे असणे. तेव्हा त्रुटी येत नाही, केवळ भलतीच वस्तू दिसते. बफर सामायिक ठेवावेत आणि व्हर्टेक्स ॲरे प्रत्येक कॉन्टेक्स्टमध्ये वेगळा बांधावा.

वाटणी झाली म्हणजे बदल लगेच दिसतो असेही नाही. हा तिसरा क्रम. एका कॉन्टेक्स्टमध्ये टेक्स्चर भरण्याची आज्ञा आधी दिली म्हणून दुसऱ्या कॉन्टेक्स्टमधले वाचन तिच्यानंतरच होईल, असे ड्रायव्हर मानत नाही. लिहिणाऱ्या कॉन्टेक्स्टने काम दिल्यावर फेन्स (आधीचे काम पूर्ण झाल्याची खूण) टाकून फ्लश करावे (साठलेल्या आज्ञा कार्डाकडे रवाना कराव्यात), वाचणाऱ्याने त्या फेन्सची वाट पाहावी आणि मग ते टेक्स्चर पुन्हा बाइंड करावे (वापरासाठी जोडावे). फेन्स ओपनजीएल ३.२ पासून उपलब्ध आहे. यातला फ्लश गाळला, तर फेन्स ड्रायव्हरच्या रांगेतच पडून राहू शकते आणि वाट पाहणारा अडकतो. पुन्हा बाइंड करणे गाळले, तर जुनेच चित्र दिसत राहण्याची शक्यता उरते. केवळ निदान करायचे असेल, तर लिहिणाऱ्या बाजूला फिनिश (सर्व काम पूर्ण होईपर्यंत थांबण्याची) आज्ञा घालून पाहावी: तिने बिघाड गेला, तर कारण हेच आहे. पण फिनिश कायम ठेवू नये, कारण ती प्रत्येक वेळी प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डासाठी थांबवते.

ओपनजीएलऐवजी व्हल्कन हा आज्ञासंच वापरणाऱ्यांसाठी एवढेच: तिथे हा क्रम सेमाफोर आणि बॅरियर या थांबवणाऱ्या खुणांनी स्वतःच लिहावा लागतो, आणि अनेक विंडोंच्या स्वॅपचेन (विंडोला दाखवायच्या फ्रेमची रांग) एकाच प्रेझेंट (पडद्यावर दाखवण्याच्या) आज्ञेत देता येतात. तसे दिल्यास प्रत्येक स्वॅपचेनचा निकाल वेगळा तपासावा. एक विंडो आकार बदलल्यामुळे बाद झालेली असते आणि बाकीच्या ठीक असतात.

नववी तपासणी: थ्रेड आणि ऑपरेटिंग सिस्टीम

एक कॉन्टेक्स्ट एका वेळी एकाच थ्रेडवर करंट राहू शकतो, आणि जीएलएफडब्ल्यूमध्ये विंडो तयार करणे व इव्हेंट पोल करणे मुख्य थ्रेडवरच करावे लागते. प्रत्येक विंडोला स्वतंत्र थ्रेड द्यायचा असेल, तर तिचा कॉन्टेक्स्ट मुख्य थ्रेडवरून सोडून मगच त्या थ्रेडवर करंट करावा. माझे स्पष्ट मत असे की मोजमाप केल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. एक थ्रेड, ठरलेला क्रम आणि वर सांगितलेला इंटरव्हलचा उपाय एवढ्यावर दोन-तीन विंडोंचे काम उत्तम चालते, आणि थ्रेड आणल्यावर येणारे बिघाड रोज दिसत नाहीत, सादरीकरणाच्या दिवशी दिसतात.

विंडोजवर एखादी विंडो ओढत असताना सगळ्या विंडोंतले चित्र थांबते, हा ड्रॉ ऑर्डरचा दोष नाही. ओढणे किंवा आकार बदलणे चालू असताना ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःचा आतला लूप चालवते आणि आपली पोल करण्याची हाक तेवढा वेळ परतच येत नाही. रिफ्रेश कॉलबॅकमधून सर्व विंडो काढण्याचे फंक्शन बोलावले, तर परिणाम बराच सौम्य होतो. लायब्ररीशिवाय विंडोजचे मूळ विन३२ फंक्शन वापरत असाल, तर पेंट संदेशाला उत्तर देताना "बिगिन पेंट" आणि "एंड पेंट" होतात की नाही ते पाहावे. ते न झाल्यास विंडो अवैधच राहते आणि संदेश अखंड येत राहतात. साधनांची विंडो मागे दडत असेल, तर मुख्य विंडोला तिची मालक करावे, कारण मालकीची विंडो नेहमी मालकाच्या वर राहते. तिला कायमची सर्वांत वर ठेवण्याचा पर्याय टाळावा. ती मग इतर ॲप्लिकेशनवरही बसते.

लिनक्सवर वेलँड (पडद्यावर विंडो दाखवण्याची नवी पद्धत; जुनी ती एक्स११) असेल, तर प्रोग्रामला पडद्यावरची आपल्या विंडोची जागा कळत नाही आणि ठरवताही येत नाही. तो अधिकार कंपोझिटरचा आहे. तिथे चित्र काढण्याची वेळही कंपोझिटर कळवतो, आणि पूर्ण झाकलेल्या विंडोला तो ती सूचना देणे थांबवू शकतो. स्वॅप इंटरव्हल १ असताना त्या विंडोचा स्वॅप सूचनेची वाट पाहत अडतो, आणि लूप एकच असल्याने समोर दिसणारी दुसरी विंडोही गोठते. इंटरव्हल ० करून वेग स्वतः नियंत्रित केल्यास हे सुटते. जीएलएफडब्ल्यू ३.४ मध्ये प्रोग्राम सुरू होताना एक्स११ किंवा वेलँड निवडता येते, त्यामुळे एक्स११ वर चालवून निदानाची खात्रीही करता येते.

दहावी तपासणी: रेंडरडॉक

इतके करूनही उत्तर मिळाले नाही, तर एक फ्रेम पकडून आज्ञा एकेक पाहाव्यात. रेंडरडॉक हे फ्रेम पकडणारे साधन विनामूल्य आहे आणि ओपनजीएलच्या ३.२ व त्यापुढील कोअर प्रोफाइलवर चालते. अनेक विंडो असताना ते एका वेळी एकाच विंडोची फ्रेम पकडते. एफ११ ने सक्रिय विंडो बदलावी, एफ१२ ने फ्रेम पकडावी. दुसऱ्या विंडोची फ्रेम पाहायची असून पहिलीचीच पाहत बसणे टाळण्यासाठी, पकडण्यापूर्वी पडद्यावरच्या पट्टीवर कोणती विंडो सक्रिय आहे ते वाचावे. पकडलेल्या फ्रेममध्ये चुकीचा दिसणारा पिक्सेल निवडून त्याचा इतिहास पाहता येत असेल, तर कोणत्या आज्ञेने तो लिहिला आणि कोणती आज्ञा डेप्थ टेस्टमध्ये नाकारली गेली ते समोर येते, आणि चौथ्या क्रमाविषयी वाद उरत नाही.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पुलाच्या दृश्याएवढा छोटा प्रोग्राम, केवळ दोन विंडो आणि वरच्या साखळ्या, असा वेगळा लिहून पाहावा. तो एका कंपनीच्या ग्राफिक्स कार्डावर बरोबर चालतो, दुसरीच्या कार्डावर चुकतो, ड्रायव्हर अद्ययावत करूनही चुकतो, आणि डीबग कॉलबॅक दोन्ही कॉन्टेक्स्टमध्ये गप्प आहे, अशी स्थिती आली की स्वतःच्या कोडमध्ये आणखी फेरफार करणे थांबवावे. तो प्रश्न कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडे किंवा मेसासारख्या मुक्त ड्रायव्हरच्या विकासकांकडे गेला पाहिजे. उलट छोटा प्रोग्राम सगळीकडे बरोबर चालत असेल, तर ड्रायव्हरला दोष देणे थांबवून मोठ्या प्रोग्राममध्ये परत यावे.

प्रोग्राम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे संगणक चालू होतानाच्या पडद्यावरही ठिपके, पट्टे किंवा चौकोन दिसत असतील, तर तो हार्डवेअरचा बिघाड आहे. तिथे कोडची एकही ओळ न बदलता हार्डवेअर तंत्रज्ञाला दाखवावे, आणि कार्ड स्वतः उघडू नये.

खाणीच्या नियंत्रण कक्षातील, वीज वितरणाच्या किंवा रुग्णालयातील निदानाच्या पडद्यांचे काम असेल, तर विंडो शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यापलीकडे चालू यंत्रणेवर काहीही करू नये. अशा ठिकाणी एका विंडोत जुनी फ्रेम गोठून राहणे म्हणजे कुणीतरी जुन्या आकड्यावर निर्णय घेणे होय. यंत्रणा बसवणाऱ्या अधिकृत अभियंत्याला बोलवावे आणि तो येईपर्यंत त्या विंडोवर विसंबू नये, असे तिथल्या कर्मचाऱ्यांना लेखी कळवावे.

ज्याला बोलवाल त्याच्या हाती पुढील गोष्टी द्याव्यात: लक्षणांची लिहून काढलेली नोंद, छोटा प्रोग्राम, प्रत्येक विंडोची वेगळी पकडलेली फ्रेम, दोन्ही कॉन्टेक्स्टमधून वाचलेली ड्रायव्हरची आणि कार्डाची नावे व आवृत्त्या, मॉनिटरांचे रिफ्रेश दर, आणि लिनक्स असल्यास वेलँड की एक्स११. दोन्ही कॉन्टेक्स्टमधून वाचायला सांगण्याचे कारण असे की दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर ही माहिती गृहीत धरण्याजोगी नसते, आणि कोणती विंडो कोणत्या चिपवर चालते आहे हे कळले की बोलावलेल्या माणसाचा पहिला प्रश्न तिथेच सुटतो.